आमची गाडी हळू का जाते

वेबसाईट मी केली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटतं ती मुलीने केली असणार. मुलगी पुण्याला कम्प्युटरच्या कंपनीत आहे, तेव्हा लोकांचंही फार चुकत नाही. पण "आई, पुढच्या रविवारी नक्की" हे वाक्य मी तिच्या तोंडून वैशाखात ऐकलं, ज्येष्ठात ऐकलं, आणि आषाढ लागल्यावर तिला म्हटलं, बाई गं, तुझा रविवार तुलाच लखलाभ. चष्मा पुसला आणि स्वतः बसले. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. ज्याला चार वर्षं 'ज्ञ' काढता आला नाही त्यालाही मी सोडलं नव्हतं, तर वेबसाईट माझ्या हातून कुठे सुटून जाणार?

घाई होती. आम्ही रत्नागिरीत ज्या घरात बावीस वर्षं भाड्याने राहिलो ते पाडून तिथे नवी इमारत उभी राहायची होती. घरमालक भला माणूस. वैशाखातच चहाला येऊन सांगून गेला, "बाई, दिवाळी इथंच करा, पण मग खोल्या मोकळ्या करून द्या." आम्ही कुवारबावला दोन खोल्यांचा फ्लॅट बघितला. माणसं, भांडी, कपाट, सगळं त्यात मावणार होतं. मावणार नव्हती ती मागच्या खोलीतली रेल्वे.

ही रेल्वे माझ्या नवऱ्याची. खरी नव्हे, छोटी. पण ती छोटी आहे हे बघणाऱ्याला थोड्या वेळाने विसरायला होतं. बारा फूट लांब, पाच फूट रुंद. निवृत्त झाल्यावर सात वर्षं ते त्यात खपले. खालचा सगळा सांगाडा आंब्याच्या पेट्यांच्या फळ्यांचा. डोंगर म्हणजे तारेची जाळी, तिच्यावर डिंकात भिजवलेल्या माझ्या जुन्या साड्या, आणि वर खराखुरा जांभा कुटून, चहाच्या गाळणीने गाळून लावलेला. त्या गाळणीचं पुढे काय झालं ते मी इथे लिहीत नाही, घरात एकदा भांडण झालं तेवढं पुरे. रुळांखालची खडी म्हणजे भाट्याच्या किनाऱ्यावरची काळी वाळू, माडांची खोडं काथ्याची. दोन बोगदे, एक उंच पूल, एक स्टेशन, आणि मधोमध डोंगर कापून काढलेली लांब खिंड. त्या खिंडीच्या दोन्ही अंगांना मच्छरदाणीची जाळी ताणून बसवलेली, खऱ्या लाईनवर दगड अडवायला लोखंडी जाळ्या असतात तशी. इंजिन आणि डबे मुलीने पहिल्या पगारात आणून दिले होते. ते त्यांनी खरवडून पुन्हा रंगवले, कारण मूळ रंग "आपल्या लाईनचा नाय".

आता हा डोंगर दारातून बाहेर कसा काढणार? तो खोलीत आणलाच नव्हता, खोलीतच वाढला होता. दोन भिंतींना खिळलेला. तोडला तरच निघेल, आणि तोडला की संपला. म्हणून माझं ठरलं की दिवाळीच्या आत ही रेल्वे अशी दाखवून ठेवायची, की ती नसली तरी बघता येईल. आणि लोकांना कळलं पाहिजे की ही कोणी केली.

इथे माझा एक गुन्हा कबूल करते. नवरा ट्रॅकमन होता. आम्ही साधं गँगमन म्हणतो. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज रूळ तपासत चालायचं, रूळ धरून ठेवणारी लोखंडी किल्ली सैल झाली की ठोकायची, आणि पावसाळ्यात आपल्या हद्दीत गस्त घालायची. माझं माहेर शिक्षकांचं आणि कारकुनांचं. लग्न ठरलं तेव्हा माझ्या मामांनी विचारलं होतं, "रेल्वेत म्हणजे रेल्वेत काय?" आणि सगळे पोह्यांच्या बशीत बघू लागले होते. पुढे मीसुद्धा शाळेत कोणी विचारलं की "रेल्वेत आहेत" एवढंच म्हणायची आणि विषय हजेरीपटावर न्यायची. कोणी त्यांना स्टेशनमास्तर समजो, कोणी तिकीट तपासनीस. मी खोटं बोलले नाही, पण खरंही पूर्ण सांगितलं नाही, आणि याची मला आज लाज वाटते.

वेबसाईट फुकटात करता येते, हे मला मोबाईलवरच कळलं. तयार साचे असतात, त्यातला एक निवडायचा आणि आपले फोटो, आपला मजकूर घालायचा. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांचा साचा होता, व्यायामशाळेचा होता, दातांच्या डॉक्टरांचा होता. रेल्वेचा नव्हता. मी केकच्या दुकानाचा घेतला, कारण त्यात फोटो मोठे दिसत होते. सगळे केक काढून टाकले, त्यांच्या जागी पूल आणि बोगदे बसवले. एका दिवसात एक पान, असा माझा वेग. मराठी टंक बसेना, वेलांट्या शब्दाच्या पुढे जाऊन पडायच्या. मुलगी फोनवर "आई, हे बदल, ते बदल" सांगायची आणि मी फळ्यावर लिहावं तसं वहीत लिहून घ्यायची.

साच्यातलं एक बटण मात्र राहून गेलं. "ऑर्डर द्या." वेबसाईट सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी गुहागरहून एका गृहस्थांचा निरोप आला, बिनअंड्याचा एक किलो, रविवारी वाढदिवस आहे. मी नम्रपणे कळवलं, इथे केक मिळत नाही, ही रेल्वे आहे. त्यावर त्यांचं उत्तर, "चालेल, रेल्वेच्या आकाराचा केलात तरी चालेल, मुलगा खूश होईल." नवरा दोन दिवस हसत होता. त्या दोन दिवसांत त्यांना मिळालेला चहा कसा होता, ते मी सांगत नाही.

फोटो काढायचं काम सोपं असेल असं मला वाटलं होतं. ते सर्वात कठीण निघालं. वरून काढला की रेल्वे खेळण्यासारखी दिसते. शेवटी पोळपाट पालथा घालून त्यावर मोबाईल रुळांच्या पातळीला टेकवला, आणि काय सांगू, डोंगर एकदम डोंगराएवढा झाला. दुपारचं ऊन असतं तर आणखी छान आलं असतं, पण श्रावणात रत्नागिरीत ऊन मागायचं म्हणजे आभाळाकडे वशिला लावायचा. ढगातला उजेड होता तोच घेतला. व्हिडिओही काढला. स्टेशन सोडून गाडी निघते, पुलावरून जाते, बोगद्यात शिरते, खिंडीतून बाहेर येते. पूर्ण फेरीला सव्वातीन मिनिटं लागली. तो व्हिडिओ मी पहिल्या पानावर अगदी वर लावला.

त्या दिवसांत वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांतलं धम्मग्रंथाचं, वाचन चालू होतं. संध्याकाळी विहारातलं वाचन आटपलं की मी बायकांना मोबाईल दाखवी. सगळ्याजणी डोकी जवळ आणून बघत. एक आजी, जिची सून मुंबईला असते, ती म्हणाली, "अगदी आपली गाडी गो! ह्या डब्यात आमची सून बसलेली दिसंल बघ आता." मला इतका अभिमान वाटला की घरी येताना छत्री विहारातच राहिली.

मग मुलीने, उशिरा का होईना, एक काम केलं. छोट्या रेल्वे करणाऱ्या हौशी लोकांचा एक ग्रुप असतो, देशभरातले लोक त्यात आहेत, तिथे तिने आमची लिंक टाकली. आणि अभिप्राय येऊ लागले.

काम सुंदर आहे, असं सगळ्यांनी म्हटलं. डोंगर पाहून तर लोक वेडे झाले. पण त्यानंतर एकाने लिहिलं, "मोटर कमजोर दिसते, इंजिन बदला." दुसऱ्याने लिहिलं, "एवढी संथ गाडी शेवटपर्यंत बघवत नाही." तिसरा जास्त शहाणा. "काकांचं वय झालेलं दिसतंय, त्यांना कोणीतरी चांगला ट्रान्सफॉर्मर भेट द्या." खाली हसरे चेहरे, एकावर एक.

मी सगळे अभिप्राय नवऱ्याला वाचून दाखवत असे, तसे हेही वाचले. अर्धे वाचल्यावर कळलं की नको होते वाचायला. ते उठून मागच्या खोलीत गेले, इंजिन उघडलं, पुसलं, तेलाचा थेंब सोडला, पुन्हा बंद केलं. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीही त्यांनी ते उघडलं. जेवताना मासळीत मीठ जास्त झालं होतं, तर त्यावर तक्रारही केली नाही. हा माणूस मिठावरून कधी गप्प बसत नाही.

आता खरी गोष्ट सांगते. आमच्या लाईनवर पावसाळा लागला की गाड्यांचा वेग कमी करतात. टाईमटेबलच बदलतं. गणपतीला मुंबईहून येणारा पाहुणा असो की पालीहून कोर्टाच्या कामाला आलेला शेतकरी, आमच्या भागात प्रत्येकाला पावसाळी टाईमटेबल म्हणजे काय ते ठाऊक असतं. आणि माझ्या नवऱ्याची रेल्वे खोलीत असली तरी तिलाही हा नियम लागू. वेग वाढवायच्या बटणाभोवती त्यांनी रंगाने दोन रेघा ओढल्या होत्या, एक निळी, एक पिवळी. जूनपासून बटण निळ्या रेघेच्या पुढे जायचं नाही. पाऊस संपून खऱ्या लाईनचं टाईमटेबल बदललं की मग पिवळी. मी व्हिडिओ काढला तेव्हा श्रावण होता. गाडी हळू जात होती, आणि माझ्या डोळ्यांना ती हळू वाटलीच नाही. श्रावणात गाडी हळूच जाते. विहारातल्या एकीलाही ती हळू वाटली नाही. चूक झाली ती ही. आम्हाला ते सांगण्यासारखं आहे हेच सुचलं नाही, आणि दिल्ली-बंगलोरच्या माणसाला ते कळणार कसं?

मी उपाय काढला. भाद्रपदातली गोष्ट, बाहेर पाऊस चालूच होता. मी मागच्या खोलीत जाऊन म्हटलं, "अहो, एकदाच जरा जोरात सोडा. मी पुन्हा शूटिंग करते. पाच मिनिटांचं काम."

"पावसाळा हाय," ते म्हणाले.

"बाहेर आहे. खोलीत कुठे पाऊस पडतोय?"

"तरी नाय."

माझा पारा चढला. एवढे दिवस डोळे फोडून ही वेबसाईट मी कोणासाठी केली? मी बरंच बोलले. म्हटलं, सगळ्या देशात आपलं हसं होतंय, दिवाळीला हा डोंगर मोडायचा, मागे राहणार ते एवढंच, आणि लोक म्हणणार म्हाताऱ्याची मोटर कमजोर! आणि हे कशासाठी, तर बटणाजवळच्या एका रेघेसाठी! खेळण्यातल्या गाडीला कसला आलाय नियम?

खेळणं हा शब्द मी त्या रेल्वेला सात वर्षांत पहिल्यांदा वापरला. तो तोंडातून गेल्या गेल्याच मला कळलं.

त्यांनी बटणावरचा हात काढला. खिंडीकडे बघत म्हणाले, "इथं दगड आला हुता."

मला वाटलं, मॉडेलमधला डोंगर कुठे ढासळला. मी वाकून बघू लागले.

"हितं नाय. लाईनवर. आपली पोर दुसरीत हुती तवा. सकाळची माझी गस्त. खिंडीत शिरलो नि वरून सगळां सुटलां. ह्या खोलीएवढा दगड, माझ्यापुढं वीस पावलांवर. गाडीची वेळ झालेली. तसाच उलटा धावलो, लाल बावटा घेऊन. रुळावर फटाके लावले." रुळावर लावायचे फटाके म्हणजे धोक्याची खूण. चाक वरून गेलं की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो. "गाडी हळू हुती, म्हणून थांबली. जोरात असती तर थांबली नसती. ड्रायव्हर खाली उतरला, दगड बघितलान, नि खालीच बसला."

मी स्टुलावर बसले. मुलगी दुसरीत होती म्हणजे किती वर्षं झाली, ते मोजायची मला गरज नव्हती. ते वर्ष मला लख्ख आठवत होतं. त्या वर्षी मीच तिची वर्गशिक्षिका होते. हा माणूस त्या दिवशी ओला होऊन घरी आला असेल, मी टॉवेल दिला असेल, भाकरी वाढली असेल, आणि पोरीच्या अक्षराबद्दल तक्रार केली असेल. तो दिवस मात्र मला बाकीच्या दिवसांतून वेगळा काढता आला नाही.

"मला सांगितलं नाहीत," मी म्हटलं.

"दुसऱ्या दिवशी परत जायचां हुतां. सांगितलां असतां तर तू सोडलां नसतांस."

खरं होतं. सोडलं नसतं. दारात आडवी पडले असते. मी रडले, आणि रडताना त्यांच्यावर चिडलेही होते, दोन्ही एकदम. मग विचारलं, वरच्या साहेबांनी काही केलं की नाही? म्हणाले, एक कागद दिला होता. कुठे आहे? पेटीत. मी पत्र्याची पेटी काढली. जुन्या निळ्या गणवेशाखाली, घडी घातलेला, कोपऱ्यावर वाळवीने चाटलेला तो प्रशंसापत्राचा कागद होता. मी तो तीनदा वाचला. आमच्या घरातल्या भिंतीवर माझं आदर्श शिक्षिकेचं तालुक्याचं प्रमाणपत्र काचेत आहे. त्याच भिंतीखाली त्या पेटीत हा कागद इतकी वर्षं पडून होता.

दुसऱ्या दिवशी मी वेबसाईटसाठी मजकूर लिहिला. आयुष्यभर पोरांच्या निबंधांच्या वह्या तपासल्या, आता माझी पाळी. चार परिच्छेद झाले. काळ्याकुट्ट मेघांनी आच्छादलेलं नभ होतं, सह्याद्रीचे रौद्र कडे होते, मृत्यूच्या जबड्यात पाय ठेवणारा वीर होता. आवाज चढवून वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोणाबद्दल हाय हे?"

"तुमच्याबद्दल!"

"मी नाय असा. खोड सगळां."

"मग तुम्ही सांगा. मी लिहिते."

 मग त्यांनी जे सांगितलं ते मी पुस्तकी मराठीत उतरवून घेतलं, एवढाच माझा हात त्याला लागला आहे. "पावसात डोंगर सुटतो. गाडी हळू असली तर थांबते. म्हणून पावसाळ्यात आमची गाडी हळू जाते."

तीन वाक्यं. मी लाल पेन घेऊन बसले, आणि मला त्यातला एक शब्द काढता येईना की घालता येईना. मी विचारलं, तो कागद लावू? नको म्हणाले. खाली तुमचं नाव तरी घालू? तेही नको. "मी एकटा हुतो काय? गँगमध्ये बारा माणसां हुती. त्या दिवशी माझी पाळी हुती एवढांच." मी वाद घातला नाही. व्हिडिओखाली ती तीन वाक्यं घातली आणि व्हिडिओ तोच ठेवला, हळू गाडीचा.

दोन-तीन दिवस काही झालं नाही. मग ट्रान्सफॉर्मरवाल्या शहाण्याचाच निरोप आला. "काकांना सांगा, मी माझं जुनं वाक्य काढून टाकलं आहे. माझ्या गाड्या आता हळू चालवून बघतोय." हसरे चेहरे गेले. लोक पुन्हा पहिल्यापासून व्हिडिओ बघू लागले आणि आता त्यांना खिंडीतली जाळी दिसू लागली. ती कशाला असते, दगड कुठून येतात, गस्तीचा माणूस किती चालतो, असं विचारू लागले. नवरा उत्तरं सांगायचा, मी लिहायची. कधी कधी मी प्रश्नाच्या आधीच उत्तर देत असे, तेव्हा ते म्हणत, "बाई, प्रश्न पुरता वाचा." माझंच वर्गातलं वाक्य, माझ्यावरच.

एक निरोप खेडच्या बाजूच्या एका मुलीचा होता. तिने लिहिलं होतं, "माझे बाबाही गस्तीवर होते. घरी कामाचं कधी काही बोलले नाहीत. आता ते नाहीत. तुमचा व्हिडिओ आईला दाखवला, ती म्हणाली, ह्या पिवळ्या रेनकोटवाल्याची चाल तुझ्या बाबांची आहे." खिंडीच्या तोंडाशी काडीपेटीच्या काडीचा एक माणूस आहे, पिवळा रेनकोट घातलेला, पाठमोरा. तिचे बाबा कधी आमच्या गँगमध्ये नव्हते. काडीच्या माणसाला चाल कसली, असंही कोणी म्हणेल. नवऱ्याने तो निरोप मला पुन्हा वाचायला लावला, आणि त्या दिवशी आणखी कशाचं उत्तर दिलं नाही.

दिवाळी आली. खऱ्या लाईनचं पावसाळी टाईमटेबल संपलं आणि गाड्या पूर्ववत धावू लागल्या. त्या सकाळी फराळाचं ताट बाजूला ठेवून ते मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी बटण पिवळ्या रेघेवर नेलं. गाडी अशी सुटली म्हणून सांगू! पुलावर खडखडली, बोगद्यात शिरली आणि मी "आली" म्हणेपर्यंत पलीकडून बाहेर. मी व्हिडिओ काढला. फार सुरेख आला, कारण खिडकीतून ऊनही आलं होतं.

"आता ह्यो लाव वर," ते म्हणाले. "बघू देत लोकांना मोटर कशी हाय ती." म्हणजे ते वाक्य एवढे दिवस त्यांच्या मनात होतंच.

मी तो लावला, पण खाली. म्हणाले, वर का नाही? मी म्हटलं, "रेल्वे तुमची, वेबसाईट माझी. वर हळू गाडीच राहणार. माझ्या नवऱ्याने ती एकदा थांबवली आहे, आणि ते मला सगळ्यांना सांगायचंय." असं मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नव्हते. ते लाजले. या वयात माणूस लाजतो, हे मला माहीत नव्हतं.

भाऊबीज झाली आणि मोडायचा दिवस आला. मुलगी मदतीला आली होती, पण तिला त्यांनी डबे कागदात गुंडाळायला बसवलं. रुळांना हात लावू दिला नाही. खऱ्या लाईनवर रूळ उघडण्याआधी दोन्ही बाजूंना लाल बावटा लावतात, लाईन बंद केल्याशिवाय एक बोल्टही सैल करत नाहीत. त्यांनी माझ्या ब्लाऊजपिसाचा लाल तुकडा मागून घेतला, दोन काड्यांना चिकटवला आणि स्टेशनच्या दोन्ही टोकांना रोवला. मग गुडघे टेकून स्क्रूड्रायव्हर घेतला. मी स्टुलावर बसून होते, मोबाईल हातात, म्हटलं याचेही चार फोटो घ्यावेत.

पहिला रूळ सुटला तेव्हा ते मान वर न करता म्हणाले, "लिही."

"काय लिहू?"

"नावां. आमच्या गँगची. त्या तीन वाक्यांखाली घाल. माझां एकट्याचां नको, सगळ्यांची घाल. आडनावासकट, गावासकट. आम्ही चालायचो तशी सांगतो, पुढून मागं."

मी वेबसाईट उघडली. पहिलं नाव मुकादमाचं. तो पालीजवळच्या एका वाडीतला, आता नाही. दुसरा मंडणगडचा, त्याला घण उचलताना गाणं म्हणायची सवय होती, ते लिहू नको म्हणाले. तिसरा, चौथा. पाचव्याचं गाव आठवायला वेळ लागला, पण विचारून घेऊ म्हणाले नाहीत, आठवेपर्यंत थांबले. प्रत्येक नावागणिक एक रूळ सुटत होता आणि मुलगी डबे गुंडाळायचे सोडून दारात येऊन उभी राहिली होती. मी नावं बिनचूक लिहीत होते, एकेक अक्षर तपासून. सहावं नाव झालं. मग ते थांबले. स्क्रू अडकला असेल असं मला वाटलं.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढं मी," ते म्हणाले.

मी त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि आठव्यासाठी थांबले.